कुरवांची ओळख आणि माणसांचा निवाडा

पावसाळा सरून भाताची कापणी आटोपली, की रत्नागिरी जिल्ह्यातील पूर्णगडच्या खाडीवर पांढऱ्या-राखाडी पक्ष्यांचे थवे दिसू लागतात. मुचकुंदी नदी येथे समुद्राला मिळते. उत्तरेकडच्या टेकडीवर छोटेखानी किल्ला, त्याच्या पायथ्याशी वस्ती, आणि पैलतीरावर सुरूच्या झाडांनी कड धरलेली गावखडीची लांबच लांब पुळण. ओहोटी लागली की नदीच्या मुखाशी वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि हे पक्षी वाऱ्याकडे चोची करून त्यांवर उभे राहतात. मासळी घेऊन होड्या परतल्या की तेच पक्षी कलकलाट करीत पाण्यावर झेपावतात. पुण्या-मुंबईहून आलेला पाहुणा त्या साऱ्यांना ‘सीगल’ म्हणतो, छायाचित्र घेतो आणि पुढे जातो. वसईच्या, अर्नाळ्याच्या, उत्तनच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे दृश्य नवे नाही. आपणही त्या थव्याकडे याहून अधिक लक्ष देऊन पाहिले असेल असे नाही.

परंतु तो थवा एका जातीचा नसतो. त्यात कुरव असतात आणि सुरय असतात. कुरवांत दोन-तीन जाती, सुरयांत तीन-चार. पिसांचा रंग, चोचीची छटा, पंखाच्या टोकावरचा एखादा ठिपका एवढ्याच खुणांनी त्या एकमेकींपासून वेगळ्या होतात. हा विषय पक्षीशास्त्राचा आहे हे खरेच. परंतु त्याच्या पोटात एक नीतिशास्त्राचा प्रश्नही दडलेला आहे. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींत भेद करणे हे केवळ कौशल्य आहे, की ते कर्तव्यही आहे? आणि भेद करता आला नाही, तर प्रामाणिक माणसाने काय म्हणावे?

प्रथम उदाहरण नीट पाहू. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येणारे दोन कुरव म्हणजे तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव. पहिला लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंच सरोवरांच्या काठी घरटी करतो. दुसरा युरोप आणि आशियाच्या उत्तर भागात. दोघांची पाठ राखाडी, पोट पांढरे, चोच आणि पाय लालसर. नावावरून वाटावे, की डोके पाहिले म्हणजे काम झाले. पण येथेच पहिली फसगत आहे. डोक्यावरचा गडद रंग हा विणीच्या हंगामातला साज आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात दोघांचीही डोकी पांढरी असतात आणि डोळ्यामागे फक्त एक काळसर डाग उरतो. दुसरी गंमत अशी, की ज्याला ‘काळ्या डोक्याचा’ म्हणतात त्याचे डोके विणीच्या काळातही खरे तर काळे नसतेच. ते गडद चॉकलेटी असते. दुरून काळे दिसले, कोणी तसे नाव दिले, आणि नाव चिकटले ते कायमचे. मार्च महिन्यात परतीच्या प्रवासाआधी काही पक्ष्यांना पुन्हा रंग चढू लागतो, तेव्हा नवशिक्याचा गोंधळ आणखी वाढतो.

मग खरी खूण कोणती? जाणकार डोळा आणि पंख पाहतात. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचे बुबुळ फिकट, जवळजवळ पांढरे असते, म्हणून त्याची नजर काहीशी करडी वाटते. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो. पहिला किंचित थोराड आणि जाड चोचीचा. तो उडाला की पंखाचे टोक चांगलेच काळे दिसते आणि त्या काळ्यात आरशाच्या कवड्यांसारखे पांढरे ठिपके चमकतात. दुसऱ्याच्या पंखाच्या पुढल्या कडेला पांढरी पट्टी असते आणि काळा रंग केवळ टोकांच्या किनारीपुरता राहतो. एवढे समजले म्हणजे वाटते, आता चूक होणार नाही. परंतु तपकिरी डोक्याच्या कुरवाचे पहिल्या हिवाळ्यातले पिल्लू समोर आले, की त्याचा डोळाही गडदच असतो आणि पंखावरचे पांढरे ठिपकेही अजून उमटलेले नसतात. म्हणजे जी खूण बापाला लागू, ती लेकराला लागू नाही. खूण खोटी नव्हे. पण ती वयाशी बांधलेली आहे, ऋतूशी बांधलेली आहे. पक्ष्याचे वय किती आणि महिना कोणता हे विचारल्याविना जो खुणेवर बोट ठेवतो, त्याने अर्धेच वाचन केलेले असते.

सुरयांकडे वळले तर उजेडाचा प्रश्न येतो. मोठा तुरेवाला सुरय आणि छोटा तुरेवाला सुरय हे दोघेही आपल्या किनाऱ्यावर दिसतात. मोठ्याची चोच पिवळी, क्वचित हिरवट झाक असलेली, छोट्याची नारिंगी. मोठ्याची पाठ अधिक गडद राखाडी. विणीच्या दिवसांत छोट्याची काळी टोपी चोचीपर्यंत येऊन टेकते, तर मोठ्याच्या कपाळावर तेव्हाही पांढरी पट्टी राहते. हे सारे पुस्तकात अगदी स्पष्ट आहे. पण संध्याकाळी सूर्य समुद्रात उतरू लागला की पिवळी चोच नारिंगी दिसते. एकट्या उभ्या असलेल्या पक्ष्याचा आकारही सांगता येत नाही. मोठा कशाहून मोठा, हे कळायला शेजारी दुसरा पक्षी लागतो. पाहणारा कितीही निपुण असो, तो नेहमी कुठून तरी आणि कुठल्या तरी उजेडात पाहत असतो. ते ‘कुठून’ आणि तो ‘उजेड’ आपल्या निष्कर्षात शिरलेला असतो हे ओळखणे, हा सत्यनिष्ठेचा पहिला धडा आहे.

आणखी एक जोडी सांगतो, कारण ती कोकणाची आहे. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात ‘वेंगुर्ला रॉक्स’ नावाची ओसाड खडकाळ बेटे आहेत. तेथे ब्रायडल्ड टर्न नावाचे सुरय घरटी करतात. त्यांची पाठ करडी-तपकिरी आणि कपाळावरची पांढरी रेघ भुवईसारखी डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली. त्यांचा भाऊ शोभावा असा दुसरा पक्षी म्हणजे सूटी टर्न. हा भर समुद्रातला प्रवासी. मान्सूनच्या वादळात थकून कधीतरी किनाऱ्यावर येऊन पडतो. त्याची पाठ काळीभोर, आणि कपाळाचा पांढरा डाग डोळ्याशीच थांबतो. दोघांमधले अंतर म्हणजे भुवईची बोटाच्या पेराएवढीही नसलेली लांबी! पावसाने भिजलेला, पिसे विस्कटलेला, अर्धमेला पक्षी हातात आल्यावर ती लांबी ठरवणे सोपे नसते.

पिसांविषयी एक सूक्ष्म गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. पीस ही मृत वस्तू आहे. एकदा वाढले की त्याची दुरुस्ती होत नाही. ते उन्हाने विटते, वाळूने आणि वाऱ्याने झिजते, आणि ठरलेल्या काळाने गळून नवे येते. काळ्या पिसात मेलॅनिन हे रंगद्रव्य असते आणि त्यामुळे ते पीस चिवट बनते. अनेक समुद्रपक्ष्यांच्या पंखांची टोके काळी असतात, त्याचे एक कारण हेच मानले जाते. पांढऱ्या भागाला ते संरक्षण नसते, म्हणून पंखाच्या टोकाचे पांढरे ठिपके आधी झिजतात. याचा अर्थ असा, की जी खूण पाहून आपण ओळखणार, तीच कष्टाने पुसली गेलेली असू शकते. हजारो मैल उडून आलेल्या पक्ष्याला आपण ओळखपत्र मागतो, आणि प्रवासात ते ओळखपत्रच फाटलेले असते!

ज्यांनी यात हयात घालवली तेही येथे अडखळतात. मोठ्या कुरवांना प्रौढ पिसारा यायला साधारण चार वर्षे लागतात, आणि दर वर्षी त्यांचे रूप बदलते. आपल्याकडे हिवाळ्यात येणारे ह्यूग्लिनचा कुरव आणि स्टेप कुरव यांना स्वतंत्र जाती मानावे की एकाच जातीच्या उपजाती, यावर पक्षीशास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद झाला. १९४२ साली अर्न्स्ट मायर यांनी आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या मोठ्या कुरवांचे उदाहरण दिले होते. उत्तर ध्रुवाभोवती त्यांची एक साखळी पसरली आहे. शेजारची कडी शेजारच्या कडीत मिसळते, पण साखळीची दोन टोके जेथे भेटतात तेथे ती परकी होतात, अशी ती मांडणी होती. कित्येक दशके पाठ्यपुस्तकांतून ती शिकवली गेली. २००४ साली डीएनएच्या अभ्यासाने दाखवले, की ही साखळी त्या अर्थाने वर्तुळ पुरे करीत नाही. पाठ्यपुस्तके दुरुस्त करावी लागली. यात मायर यांची नामुष्की नाही. सुंदर उपपत्तीपेक्षा पक्षी मोठा, हे विज्ञानाने मान्य केले एवढेच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणी म्हणेल, ‘फादर, कुरव तपकिरी डोक्याचा की काळ्या डोक्याचा, याने काय बिघडते?’ बिघडते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. सामान्य हौशी माणसे खाडीकाठी, तळ्याकाठी उभी राहून पक्षी मोजतात. एखाद्या पाणथळीला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्व द्यायचे असेल, तर त्या कराराच्या निकषांपैकी एक असा आहे: एखाद्या जातीच्या किंवा उपजातीच्या पाणपक्ष्यांच्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्षी तेथे नियमित असावेत. ठाण्याची खाडी २०१५ साली फ्लेमिंगोंसाठी अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर यादीत गेली. अशा निर्णयांच्या मागे वर्षानुवर्षांच्या नोंदी उभ्या असतात. ‘चार हजार सीगल’ अशी नोंद एक टक्क्याच्या हिशेबात कुठेच बसत नाही. ढोबळ पाहणाऱ्याने चार हजार जीव पाहिले खरे. पण त्यांच्या बाजूने साक्ष मात्र दिली नाही.

परंतु दुसरी नोंद याहून घातक आहे: जी न पाहता, किंवा अर्धवट पाहून, ठामपणे केली जाते. पक्षी पाहणाऱ्यांच्या छंदात तीन मोह असतात. पहिला घाईचा: पक्षी उडून जाईल, म्हणून लवकर नाव द्यावे. दुसरा इच्छेचा: दुर्मीळ पक्षी दिसावा अशी मनाची तळमळ असते, आणि मन डोळ्याला हवे ते दाखवते. तिसरा प्रतिष्ठेचा: चार माणसांत ‘मला कळले नाही’ म्हणायची लाज वाटते. हे तिन्ही मोह केवळ खाडीकाठीच भेटतात असे कोणी समजू नये. खऱ्या निरीक्षकाच्या वहीत अधूनमधून एक वाक्य असते: ‘कुरव, जात निश्चित नाही.’ या वाक्याला मी फार मान देतो. ते अज्ञानाचे नाही. ज्याला दोन जातींतला भेद मुळीच ठाऊक नाही, तो असे लिहू शकत नाही. तो ‘सीगल’ लिहून मोकळा होतो. कोणत्या खुणा पाहायला हव्या होत्या आणि त्यांपैकी कोणत्या दिसल्या नाहीत, हे ज्याला नेमके माहीत आहे, तोच ‘निश्चित नाही’ असे लिहितो.

येथवर पक्ष्यांविषयी झाले. माणसांविषयी काय?

आपल्या समाजाला या प्रश्नाचा एक बाजूने चांगलाच अनुभव आहे. मराठी ख्रिस्ती माणूस घराबाहेर पडला, नाव सांगितले, की पहिला प्रश्न येतो: ‘तुम्ही गोव्याचे का?’ मग दुसरा: ‘मराठी छान बोलता हो!’ सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन, गोवन, मंगळुरी, अहमदनगर-जालन्याकडचे मराठी ख्रिस्ती; प्रत्येकाची बोली वेगळी, गाणी वेगळी, लग्नातले विधी वेगळे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र एकच थवा दिसतो. तो दुष्ट असतो असे नाही. त्याने पुरेसे पाहिलेले नसते, एवढेच. परंतु ज्याला तो प्रश्न पुनःपुन्हा ऐकावा लागतो, त्याच्या मनाला दर वेळी एक बारीक ओरखडा उठतो: मी येथलाच असून मला माझे येथलेपण सिद्ध करावे लागते.

हा ओरखडा ठाऊक असणाऱ्यांनी आपल्या बंदरांकडे पाहावे. आज कोकणातल्या अनेक मासेमारी नौकांवर नेपाळमधून, कर्नाटकातून, उत्तरेकडून आलेले खलाशी काम करतात. जाळी ओढणारे हात त्यांचे आहेत. आपण त्यांना काय म्हणतो? ‘ते नेपाळी’, ‘ते भय्ये’. एखादा ओडिशाचा असला तरी तो त्यातच जमा. धक्क्यावर काही हरवले, की नजर प्रथम त्यांच्याकडे वळते. चेहऱ्याची ठेवण, बोलण्याचा हेल, अंगावरचा मळका सदरा या खुणा पाहून निवाडा होतो. येथे एकदम दोन अन्याय घडतात. आधी अनेकांना एक केले जाते. मग त्या एका नावावर एक दोष चिकटवला जातो. ज्यांना ‘गोव्याचे का?’ हा प्रश्न बोचतो, त्यांच्या तोंडी ‘हे सगळे सारखेच’ हे वाक्य शोभत नाही.

सेमिनरीत शिकताना संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांच्या ‘सुम्मा’तला एक विचार वाचला होता, तो येथे उपयोगी पडतो. न्यायाविषयीच्या विवेचनात ते विचारतात: संशय असेल तेव्हा निवाडा माणसाच्या बाजूने द्यावा काय? त्यावर आक्षेप असा, की त्यामुळे चुका वाढतील, कारण वाईट माणसेही चांगली ठरतील. थॉमस हा आक्षेप नाकारीत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की वाईटाला चांगले समजून अनेकदा चुकलेले बरे. चांगल्याला वाईट समजून थोड्या वेळा चुकणे त्याहून वाईट, कारण दुसऱ्या चुकीत एका माणसावर अन्याय होतो, पहिलीत तसा होत नाही. पुढे ते आणखी एक भेद करतात. वस्तूंविषयी निवाडा करताना वस्तूचे काही बिघडत नाही. तेथे जे जसे आहे ते तसेच ठरवण्याचा यत्न करावा, कारण खरे-खोटेपणाने लाभ-हानी होते ती निवाडा करणाऱ्याची. माणसाचा निवाडा करताना मात्र ज्याच्याविषयी निवाडा होतो त्याचा मान-अपमान त्यात गुंतलेला असतो. म्हणून उघड पुरावा नसेल तर त्याला चांगले मानावे.

थॉमस यांचा हा भेद कुरवाला आणि खलाशाला लावून पाहा. कुरवाला आपण चुकीचे नाव दिले तर त्याला त्याचे दुःख नाही. तो आपला मासा पकडतो आणि वसंतात लडाखकडे उडून जातो. तरीही त्याच्याविषयी आपण इतकी सावधगिरी बाळगतो: वय विचारतो, ऋतू विचारतो, उजेड कुठून येतो ते पाहतो, एका खुणेवर विसंबत नाही, आणि संशय असेल तर वहीत तसे लिहितो. ज्या जीवाला आपल्या शब्दाने काहीच होत नाही त्याच्यासाठी एवढा संयम. आणि ज्या माणसाची रोजी, अब्रू, कधी कधी जीवही आपल्या एका शब्दावर लटकतो, त्याच्यासाठी एक हेल आणि एक मळका सदरा पुरेसा! हा उलटा हिशेब आहे.

मात्र तुलना एका जागी थांबली पाहिजे. पक्ष्याच्या बाबतीत खुणा पुरेशा मिळाल्या की ओळख पुरी होते. तपकिरी डोक्याचा कुरव ठरला, की प्रश्न मिटला. माणसाच्या बाबतीत खुणा कितीही मिळोत, ओळख पुरी होत नाही. गाव, भाषा, आडनाव, धर्म हे सारे बरोबर सांगितले तरी माणूस चांगला की वाईट, हे त्यातून निघत नाही. पक्ष्याची जात त्याच्या पिसांवर लिहिलेली असते. माणसाचे शील त्याच्या जातीवर लिहिलेले नसते. म्हणून भेद ओळखण्याचा आग्रह धरणारा मी, भेदावरून निवाडा करण्याच्या विरुद्ध आहे. हे दोन्ही एकाच सत्यनिष्ठेचे अंग आहे. लक्ष देऊन पाहणारा ‘सगळे सारखेच’ म्हणत नाही, आणि ‘हा असाच असणार’ असेही म्हणत नाही.

आपल्या मुलांना हे कसे शिकवावे, असे पालक विचारतात. उपदेशाने क्वचितच जमते. सलीम अली यांचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. १९०८ च्या सुमारास, दहा-बारा वर्षांचे असताना, त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. ती नेहमीसारखी नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. तो पक्षी घेऊन हा मुलगा मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेला. तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला हसण्यावारी नेले नाही. पक्षी ओळखून नाव सांगितले, आणि संस्थेच्या संग्रहातले भुसा भरलेले पक्षी कपाटे उघडून दाखवले. ‘ही कोण?’ असे विचारण्याची लाज त्या मुलाला वाटली नाही आणि उत्तर देणाऱ्याला कंटाळा आला नाही, म्हणून भारताला त्याचा सर्वांत मोठा पक्षीतज्ज्ञ मिळाला.

येत्या हिवाळ्यात, रविवारची मिस्सा झाल्यावर, मुलांना घेऊन आपापल्या किनाऱ्यावर जावे. एक साधी दुर्बीण आणि एक वही पुरे. मुलाने ‘सीगल’ म्हटले तर विचारावे: डोळा कसा आहे? चोचीचा रंग कोणता, आणि उजेड कुठल्या बाजूचा? उडताना पंखाच्या टोकाला काय दिसले? पक्षी प्रौढ आहे की कोवळा? वहीत तारीख आणि वेळ घालायला सांगावे, आणि शेवटचा एक रकाना मुद्दाम रिकामा ठेवावा: ‘निश्चित नाही’. तो रकाना भरताना मुलाला कमीपणा वाटणार नाही, एवढे मात्र घरातल्या मोठ्यांनी सांभाळावे. हळूहळू नावांची यादी वाढेल, पण तो रकाना कधीच पूर्ण रिकामा होणार नाही. धक्क्यावरच्या अनोळखी खलाशाविषयी घरात बोलणे निघेल, तेव्हा त्या मुलाला तो रकाना आठवावा.